फाइल हलते, रांग हलत नाही: ईबी-५ व्हिसाची केस दुसऱ्या कॉन्सुलेटला नेण्याबद्दल

ईबी-५ म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळवून देणारा व्हिसा. त्याचा अर्ज भरताना एका रकान्यात कॉन्सुलेटचं, म्हणजे मुलाखत घेणाऱ्या अमेरिकी कचेरीचं नाव लिहावं लागतं. भारतातले बहुतेक गुंतवणूकदार तिथे मुंबई लिहितात आणि विसरून जातात. निकाल यायला अनेकदा वर्षं लागतात. तोवर कुणी दुबईत नोकरी धरतो, कुणी मुलांच्या शाळेसाठी सिंगापूरला बिऱ्हाड हलवतो, कुणी लंडनचं घर आवरून पुण्याला परत येतो. मुलाखतीचे दिवस जवळ आले की मग प्रश्न पडतो: आता राहतोय तिथल्याच कॉन्सुलेटमध्ये मुलाखत देता येईल का?

देता येते, पण काही अटींवर. १ नोव्हेंबर २०२५ पासून या अटी आधीपेक्षा कडक झाल्या आहेत. मला मात्र अटींपेक्षा एका गैरसमजाची जास्त काळजी वाटते. कॉन्सुलेट बदललं की नंबर लवकर लागेल, या आशेवर लोक केस हलवायला निघतात आणि कधीकधी हाती आलेली मुलाखत घालवून बसतात. म्हणून केस हलवल्याने काय बदलतं आणि काय तसंच राहतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेने १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात ही योजना आणली. गुंतवणूकदाराने अमेरिकेतल्या उद्योगात ठरावीक रक्कम घालायची, त्यातून किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्या बदल्यात त्याला, जोडीदाराला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना ग्रीन कार्ड मिळतं. मार्च २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून रक्कम साधारणपणे १० लाख ५० हजार डॉलर आहे. ग्रामीण भाग, जास्त बेरोजगारीचा भाग किंवा सरकारी पायाभूत सुविधांचा प्रकल्प असेल तर ८ लाख डॉलर. पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. अट काढून घेण्यासाठी नंतर वेगळा अर्ज करावा लागतो. तो या लेखाचा विषय नाही.

फाइल नेमकी कुठे आहे?

केस हलवण्याच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर या एका गोष्टीवर अवलंबून असतं. फाइल तीन टेबलांवरून जाते. पहिलं टेबल यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याचं. तुमचा आय-५२६ किंवा आय-५२६ई हा गुंतवणुकीचा मूळ अर्ज तिथे तपासला जातो: पैसा कुठून आला, तो कसा पाठवला, प्रकल्प खरा आहे का. अर्ज मंजूर झाला आणि तुम्ही अमेरिकेबाहेर मुलाखत देणार असाल, तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाते. ते नॅशनल व्हिसा सेंटरचं, बोलण्यात एनव्हीसीचं. हे केंद्र न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ इथे आहे आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतं. इथे तुम्हाला केस क्रमांक मिळतो, शुल्क भरायचं असतं, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो आणि कागदपत्रं अपलोड करायची असतात. सगळं पुरं झालं की एनव्हीसी तुमची केस ‘कागदपत्रं पूर्ण’ असल्याचं कळवतं. मग मुलाखतीची तारीख ठरते आणि फाइल तिसऱ्या टेबलावर, म्हणजे कॉन्सुलेटकडे पोचते.

केस क्रमांकाची पहिली तीन अक्षरं बघा. तिथे कॉन्सुलेटचा संकेत असतो. मुंबईच्या केसला ‘बीएमबी’ लागतं, जुन्या बॉम्बेवरून. चीनमधल्या ग्वांगजौला ‘जीयूझेड’. आपली केस कुणाच्या नावावर चढली आहे, हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

फाइल यूएससीआयएसकडे असेल तोवर कॉन्सुलेट बदलण्यासाठी फार धावपळ करण्यात अर्थ नाही. पत्ता बदलला असेल तर तो यूएससीआयएसला आणि वकिलाला कळवावा, एवढं पुरे. खरी संधी फाइल एनव्हीसीकडे आल्यावर आणि मुलाखतीची तारीख लागण्यापूर्वी असते. त्या टप्प्यावर कॉन्सुलेट बदलणं हे कागदोपत्री काम असतं. तारीख लागून फाइल कॉन्सुलेटकडे गेल्यावर तेच काम जोखमीचं होतं. कसं, ते पुढे सविस्तर येईल.

रांग का हलत नाही

ईबी-५ साठी दरवर्षी मिळणाऱ्या व्हिसांची संख्या ठरलेली आहे. नोकरी आणि गुंतवणुकीच्या सगळ्या गटांना मिळून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार व्हिसा असतात. त्यातले ७.१ टक्के ईबी-५ चे, म्हणजे दहा हजारांच्या जरासे खाली. यात गुंतवणूकदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात. त्यावर आणखी एक मर्यादा: कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त जात नाहीत. मागणी त्याहून जास्त झाली की रांग लागते. चीनची आणि भारताची अशी रांग लागलेली आहे.

आता कळीचा मुद्दा. तुम्ही कुठल्या देशाच्या रांगेत आहात, हे तुमच्या जन्मस्थळावरून ठरतं. पासपोर्ट कोणता, राहता कुठे, मुलाखत कुठे देणार, याचा त्या रांगेशी काही संबंध नसतो. नागपूरला जन्मलेला माणूस वीस वर्षं अबुधाबीत राहिला आणि त्याने तिथे मुलाखत दिली, तरी तो भारताच्याच रांगेत. आपल्याला रेल्वेचा अनुभव आहे: बोर्डिंग स्टेशन बदलून घेतलं म्हणून वेटिंग लिस्टमधला नंबर वर सरकत नाही. इथेही तसंच. तुमची प्राधान्य तारीख, म्हणजे आय-५२६ अर्ज दाखल झाल्याचा दिवस, केससोबत जशीच्या तशी जाते. ती पुढे सरकत नाही आणि मागेही जात नाही. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात तुमच्या जन्मदेशासमोर आणि गटासमोर जी तारीख असते, ती जगातल्या सगळ्या कॉन्सुलेटना सारखीच लागू होते.

त्यामुळे तुम्ही भारताच्या बिनराखीव गटात असाल (राखीव गटांचं पुढे येईल) आणि बुलेटिनमधली तारीख तुमच्या तारखेच्या मागे असेल, तर कुठलंही कॉन्सुलेट तुम्हाला मुलाखतीला बोलावू शकत नाही. अशा वेळी केस हलवून वेळ वाचेल असं कुणी एजंट सांगत असेल, तर त्याला फक्त एक विचारा: माझी तारीख चालू आहे का, म्हणजे माझ्या जन्मदेशाच्या रांगेत माझा नंबर आला आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीच्या बोलण्याला किंमत देऊ नका.

२०२२ च्या दुरुस्तीने काही व्हिसा राखून ठेवले: ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के, जास्त बेरोजगारीच्या भागासाठी १० टक्के आणि पायाभूत सुविधांसाठी २ टक्के. या राखीव गटांत २०२५ साली भारतासह सगळ्या देशांची तारीख चालू होती. अशा अर्जदाराच्या बाबतीत मात्र कॉन्सुलेटच्या कामाच्या गतीने थोडा फरक पडू शकतो, कारण अडथळा व्हिसाच्या संख्येचा नसून मुलाखतीच्या जागांचा असतो. एवढ्याच अर्थाने ‘तिकडे लवकर होतं’ हे बोलणं खरं असू शकतं.

रांग खरोखर बदलण्याचा एक कायदेशीर मार्ग आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर गुंतवणूकदार जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत जाऊ शकतो, मात्र दोघांनी सोबत स्थलांतर करायला हवं. पुण्याच्या माणसाची बायको नैरोबीत किंवा लंडनमध्ये जन्मलेली असली, की भारताची रांग ओलांडली जाते. मुलाच्या जन्मदेशाचा फायदा आईवडिलांना मिळत नाही. उलट दिशेने मिळतो. जोडीदाराच्या जन्मदाखल्यावर एक नजर टाकून मगच कॉन्सुलेट बदलायचा विचार करा, कारण कितीतरी घरांत खरा उपाय त्या दाखल्यातच असतो.

आणखी एक. काही देशांच्या नागरिकांवर अमेरिकेने प्रवेशबंदी घातलेली आहे, जशी जून २०२५ च्या आदेशाने अफगाणिस्तान आणि इराणसह काही देशांवर आली. अशी बंदी राष्ट्रीयत्वावर असते. कॉन्सुलेट बदलून ती टळत नाही.

कुठे हलवता येते?

अमेरिकेच्या नियमावलीतलं मूळ तत्त्व जुनं आहे: माणूस ज्या कॉन्सुलेटच्या हद्दीत राहतो, तिथे त्याने अर्ज करायचा. पूर्वी त्यात बरीच मोकळीक होती. तुम्ही एखाद्या देशात प्रत्यक्ष हजर असाल आणि प्रक्रिया संपेपर्यंत तिथे राहणार असाल, तर तिथले अधिकारी मनावर घेऊन तुमची केस स्वीकारू शकत. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे जगभरच्या कॉन्सुलेटनी नेहमीचं काम थांबवलं. आपलं कॉन्सुलेट बंद पडलं तर काय, ही भीती तेव्हा लोकांना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जाणवली.

ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की १ नोव्हेंबर २०२५ पासून इमिग्रंट व्हिसाच्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहायला जाणाऱ्यांच्या व्हिसाच्या मुलाखती राहत्या देशात होतील, किंवा अर्जदाराने मागितलं तर त्याच्या राष्ट्रीयत्वाच्या देशात. याला अपवाद क्वचितच: माणुसकीच्या नात्याने करायची मदत, वैद्यकीय आणीबाणी किंवा परराष्ट्र धोरणाचं कारण. ज्या देशांत अमेरिकेची कचेरी नेहमीचं व्हिसाकाम करत नाही, तिथल्या लोकांसाठी दुसऱ्या देशातलं कॉन्सुलेट नेमून दिलेलं असतं.

आपल्या लोकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. भारतीय पासपोर्ट असलेला आणि अबुधाबीत निवासी व्हिसावर राहणारा माणूस दोन ठिकाणी मुलाखत मागू शकतो: अबुधाबीत राहता देश म्हणून, किंवा मुंबईत राष्ट्रीयत्वाचा देश म्हणून. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन पुण्यात परतलेल्याला मुंबई आणि लंडन हे दोन पर्याय आहेत. पण पुण्यातच राहणाऱ्या भारतीय नागरिकाने बँकॉकला कमी गर्दी आहे असं ऐकून तिकडे केस मागितली, तर ती आता मिळण्याची आशा ठेवू नये.

प्रत्येक अमेरिकन कचेरी इमिग्रंट व्हिसा देत नाही, हेही ध्यानात असू द्या. भारतात गुंतवणूकदारांच्या मुलाखती मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये होतात. चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याची कॉन्सुलेटं पर्यटक आणि विद्यार्थ्यांचं काम करतात म्हणून तिथे ही केस जाईल असं नाही. कॅनडात हे काम माँट्रियलला चालतं, टोरंटोला नाही. अमिरातीत अबुधाबीला, दुबईला नाही. चीनच्या मुख्य भूमीत फक्त ग्वांगजौला. घर टोरंटोत असलं तरी केस माँट्रियललाच मागावी लागते.

राहता देश म्हणजे काय, हा खरा वादाचा भाग. पर्यटक व्हिसावर तीन महिने राहणं म्हणजे निवास नव्हे. निवासी परवाना, घरभाड्याचा नोंदणीकृत करार, नोकरीचं पत्र, वीज-पाण्याची बिलं, मुलांच्या शाळेचे दाखले अशा कागदांनी तो दाखवावा लागतो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्याने कॉन्सुलेटचा रस्ता धरला असेल, तर नियमानुसार त्याचा निवास म्हणजे अमेरिकेत येण्यापूर्वी तो जिथे राहत होता ती जागा. बहुतेकांच्या बाबतीत ती भारतच.

इथे माझं एक मत स्पष्ट सांगतो. आखाती देशातला निवासी परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो. केस तिकडे नेलीत आणि मधेच नोकरी गेली, तर परवाना जातो आणि केस पुन्हा मुंबईला आणायची वेळ येते. पुढच्या वर्षभरात आपण त्याच देशात असू, याची पक्की खात्री असेल तरच केस हलवावी. नसेल तर मुंबईचं दार भारतीय नागरिकाला तसंही उघडं आहे, आणि विमानाचं तिकीट काढून एकदा येऊन जाणं जास्त सुरक्षित.

व्हिसाचा क्रमांक सोबत जात नाही

मघाशी जोखीम म्हटलं ती हीच. नियमावलीत केस हस्तांतरणाबद्दल दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. एक, हस्तांतरण अर्जदाराच्या विनंतीवरून आणि त्याच्याच जोखमीवर होतं, तेही रास्त कारण असेल तर. दोन, कुठल्याही परिस्थितीत व्हिसाचा क्रमांक, म्हणजे वर्षाच्या कोट्यातून अर्जदारासाठी बाजूला काढलेली जागा, एका कॉन्सुलेटहून दुसऱ्या कॉन्सुलेटला नेता येत नाही. हस्तांतरणामुळे तो वापरता आला नाही, तर परराष्ट्र खात्याला परत करावा लागतो.

म्हणजे काय ते एका उदाहरणाने बघू. समजा, बिनराखीव गटातल्या एका गुंतवणूकदाराची तारीख ऑगस्टच्या बुलेटिनमध्ये अखेर चालू झाली. मुंबईने २० ऑगस्टची मुलाखत दिली. त्या मुलाखतीसोबत त्याच्या नावाने आणि कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक व्हिसाक्रमांक ऑगस्टसाठी बाजूला काढला गेला. आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने विनंती केली की केस अबुधाबीला पाठवा, इथे मुलांच्या शाळा सुरू होतायत. विनंती मान्य झाली, तर मुंबईकडचे ते क्रमांक परत जातात. अबुधाबीकडे फाइल पोचायची, तिथली मुलाखत ठरायची, तोवर सप्टेंबर किंवा ऑक्टोबर उजाडतो. नवे क्रमांक तेव्हा मागावे लागतात, आणि ते मिळतात की नाही हे त्या महिन्याच्या बुलेटिनवर ठरतं. मधल्या काळात भारताची तारीख मागे गेली, तर त्या माणसाला ती पुन्हा पुढे येईपर्यंत थांबावं लागतं. किती महिने किंवा वर्षं, ते कुणी सांगू शकत नाही.

त्यात ऑगस्ट-सप्टेंबर हे दिवस विशेष नाजूक असतात. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. एखाद्या गटाचा वर्षाचा कोटा त्याआधीच संपला, तर १ ऑक्टोबरपर्यंत कुणालाच व्हिसा मिळत नाही. म्हणून बिनराखीव गटात आहात आणि मुलाखतीची तारीख हातात आहे, तर केस हलवू नका. तिकीट काढा आणि त्या कॉन्सुलेटला जा. राखीव गटात तारीख चालू असेल तर धोका कमी, पण मुलाखत पुढे जाण्याची तयारी मात्र ठेवा.

कागदपत्रांचं काय

डीएस-२६० पुन्हा नव्याने भरण्याची गरज सहसा नसते, पण त्यातला पत्ता, नोकरी, देश हे सगळं जुनं झालेलं असतं. एकदा पाठवलेला अर्ज आपला आपण बदलता येत नाही. तो उघडून द्या असं एनव्हीसीला किंवा कॉन्सुलेटला सांगावं लागतं.

पोलिस दाखल्यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला आपल्या राष्ट्रीयत्वाच्या देशात किंवा सध्याच्या देशात सहा महिन्यांहून जास्त राहिलेलं असेल तर तिथला, आणि पूर्वी वर्षभर किंवा जास्त काळ राहिलेल्या बाकीच्या प्रत्येक देशाचा (अमेरिका सोडून) दाखला लागतो. म्हणजे तुम्ही मुंबईसाठी सगळी कागदं पूर्ण केली, मग सिंगापूरला गेलात आणि तिथे सहा महिने ओलांडले, की यादीत सिंगापूरचा दाखला वाढला. शिवाय दाखला दोन वर्षांत जुना होतो. पूर्वी राहिलेल्या देशाचा असेल आणि त्यानंतर तुम्ही तिथे गेला नसाल, तरच तो पुढेही चालतो. भारताचा दाखला भारतात असताना पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, परदेशात असताना तिथल्या भारतीय वकिलातीकडे मागायचा.

वैद्यकीय तपासणी ज्या देशात मुलाखत असेल तिथल्या नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. मुंबईत केलेली तपासणी अबुधाबीत चालत नाही. तिची मुदतही साधारण सहा महिन्यांची असते. म्हणून हस्तांतरणाची विनंती केलेली असताना घाईने तपासणी उरकून घेऊ नका.

भाषांतराचा मुद्दा छोटा आहे पण आपल्याकडे हमखास निघतो. इंग्रजीत किंवा मुलाखतीच्या देशाच्या अधिकृत भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. मुंबईत हिंदी दाखला चालून गेला असता, तोच अबुधाबीत भाषांतराशिवाय चालणार नाही. ग्रामपंचायतीचा मराठी जन्मदाखला, विवाह नोंदणीचा मराठी उतारा यांची भाषांतरं कुठल्याही कॉन्सुलेटसाठी करूनच ठेवा.

पैशाच्या स्रोताची कागदं यूएससीआयएसने आधीच तपासलेली असतात, तरी त्यांची पूर्ण प्रत मुलाखतीला सोबत असू द्यावी. कॉन्सुलेट अधिकाऱ्याला नवी शंका आली तर तो अर्ज फेरविचारासाठी यूएससीआयएसकडे परत पाठवू शकतो. जमीन विकून, वडिलांकडून बक्षीसपत्राने किंवा कंपनीच्या लाभांशातून आलेल्या पैशाची गोष्ट मुंबईतल्या अधिकाऱ्यांना रोजची असते. दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे तुम्हाला शांतपणे सांगावं लागेल. केस हलवण्याआधी हाही विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

मुलांचं वय

एकवीस वर्षांच्या जवळ आलेलं मूल घरात असेल तर पालकांची झोप उडते, आणि ते स्वाभाविक आहे. बालकांच्या दर्जाचं संरक्षण करणारा एक अमेरिकी कायदा आहे. त्यानुसार व्हिसा उपलब्ध झाला आणि अर्ज मंजूर झालेला आहे, या दोन्हीतला जो दिवस नंतरचा, त्या दिवशीचं मुलाचं वय धरतात. त्यातून आय-५२६ अर्ज प्रलंबित राहिलेले दिवस वजा होतात. उरलेलं वय २१ च्या आत असेल तर मूल वाचलं. अट अशी की व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एका वर्षात तो मिळवण्यासाठी पाऊल उचललेलं असलं पाहिजे, आणि डीएस-२६० दाखल करणं हे असं पाऊल मानलं जातं.

केस हलवल्याने हे वय पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत. मात्र ‘आधी कॉन्सुलेट बदलू दे, मग डीएस-२६० भरू’ म्हणून थांबणं घातक ठरू शकतं. ते वर्ष चालूच राहतं. अर्ज आधी दाखल करा, कॉन्सुलेटचं नंतर बघा. मूल अविवाहित राहणंही गरजेचं आहे, हे त्यालाही वेळेवर सांगून ठेवा.

कुटुंब दोन देशांत विभागलेलं असेल, नवरा दुबईत आणि बायको-मुलं ठाण्यात, तर सगळ्यांनी एकाच ठिकाणी मुलाखत दिलीच पाहिजे असं नाही. मुख्य अर्जदाराला आधी व्हिसा मिळाल्यावर कुटुंब मागाहून, दुसऱ्या कॉन्सुलेटमधून व्हिसा घेऊ शकतं. फक्त मुख्य अर्जदाराच्या आधी त्यांना अमेरिकेत शिरता येत नाही.

अमेरिकेत आधीच असाल तर

ही तशी वेगळी वाट, म्हणून थोडक्यात. वैध व्हिसावर अमेरिकेत असलेला गुंतवणूकदार, त्याची तारीख चालू असेल तर, आय-४८५ भरून तिथेच ग्रीन कार्ड मागू शकतो. २०२२ नंतर तो आय-५२६ई सोबतच भरता येतो. फाइल एनव्हीसीकडे गेलेली असली तरी ही वाट बंद होत नाही. उलट, अर्जात अमेरिकेतच ग्रीन कार्ड घेणार असं लिहून मंजुरी मिळाली आणि मग माणूस भारतात परतला, तर फाइल आपोआप एनव्हीसीकडे जात नाही. त्यासाठी यूएससीआयएसकडे आय-८२४ अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. परतायचं ठरलं की तो लगेच टाकावा.

मुंबईने मुलाखत घेऊन व्हिसा नाकारला किंवा आणखी कागद मागितले, म्हणून केस दुसरीकडे न्यावी असंही काहींना वाटतं. नियम नाकारलेल्या केसच्या हस्तांतरणालाही वाट ठेवतो, पण आधीच्या अधिकाऱ्याच्या सगळ्या नोंदी नव्या अधिकाऱ्याला दिसतात. मागितलेला कागद तिथेच देऊन टाकणं जवळजवळ नेहमी लवकरचं असतं. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते.

विनंती कशी करायची

फाइल एनव्हीसीकडे असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरच्या पब्लिक इन्क्वायरी फॉर्ममधून लिहायचं. मुलाखत लागल्यावर कॉन्सुलेट बदलायचं असेल तरी आता विनंती थेट नव्या कॉन्सुलेटला न पाठवता एनव्हीसीलाच करायची, आणि आपण तिथे राहतो, तिथले नागरिक आहोत किंवा अपवादात बसतो याचा पुरावा द्यायचा. वकील नेमलेला असेल तर विनंती त्याच्याकडूनच जाऊ द्या; दोघांनी वेगवेगळं लिहिलं की उत्तरं उलटसुलट येतात.

मजकूर इंग्रजीत आणि चार-पाच ओळींचा असावा. साधारण असा: ‘मी अमुक केस क्रमांकाचा मुख्य अर्जदार. माझ्यासोबत पत्नी आणि दोन मुलं आहेत. आम्ही २०२४ पासून सिंगापूरमध्ये निवासी परवान्यावर राहतो. परवाना अमुक तारखेपर्यंत वैध आहे. मुलाखत अजून ठरलेली नाही. आमची केस मुंबईहून सिंगापूरला वर्ग करावी. निवासी परवाना, घरभाड्याचा करार आणि नोकरीचं पत्र आमच्याकडे आहे.’ नावं, जन्मतारखा आणि क्रमांक अर्जात आहेत तसेच्या तसे. कारण म्हणून तिथे लवकर होतं असं लिहू नका. तिथे राहतो, हेच कारण आहे आणि तेच पुरेसं आहे.

मग थांबायचं. दर दोन दिवसांनी तीच विनंती पुन्हा पाठवली की ती रांगेत मागे पडू शकते. लेखी होकार येईपर्यंत जुन्या कॉन्सुलेटची मुलाखत रद्द करू नका, नव्या देशात तपासणीची वेळ घेऊ नका. होकार आल्यावर ऑनलाइन खात्यात कॉन्सुलेटचं नाव बदललेलं दिसतं का ते बघा, आणि नव्या कॉन्सुलेटच्या संकेतस्थळावरच्या सूचना पहिल्या ओळीपासून वाचा, कारण फोटो, मूळ कागद, नोंदणी यांचे तपशील प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात. तारीख चालू झाल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही, तर नोंदणी रद्द होण्याची कायद्यात तरतूद आहे. म्हणून केस हलायला वेळ लागत असला, तरी वर्षातून किमान एकदा एनव्हीसीशी लेखी संपर्क ठेवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.